तिसरा पावसाळा, तेच गळकं छत आणि मालकाचं "करून देतो": भाडं थांबवायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे याच अडचणीत असलेल्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जळगावात पिंप्राळ्याकडे वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,०००. पहिल्या वर्षी पाचशेच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार नोटरी केला, नंतर नवीन कागद काहीच नाही. बेडरूमचं छत गळतं आणि बाथरूमलगतची भिंत ओली राहते. मालक, ज्यांना तुम्ही नाना म्हणता, दर पावसाळ्यात म्हणतात "पाऊस उघडू द्या, करून देतो" आणि पाऊस उघडला की फोन उचलत नाहीत. आता तुमचे मिस्टर म्हणताहेत भाडंच थांबवू, मग येतील पळत.

तर भाडं थांबवू नका. जळगाव-धुळ्याच्या कोर्टात भाड्याच्या केसेस चालवत बरीच वर्षं गेली माझी आणि यात सगळ्यात जास्त नुकसान करून घेणारे भाडेकरू हेच, रागाने भाडं बंद करणारे. का तर भाडं थांबलं की दुसऱ्या दिवसापासून विषय गळतीचा राहतच नाही, थकबाकीचा होतो. मालकाचा वकील छताबद्दल एक शब्द काढणार नाही, फक्त बँकेचं स्टेटमेंट दाखवेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम १५ सांगतं की भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे आणि बाकी अटी पाळतोय तोपर्यंत मालकाला ताबा मागता येत नाही. थकलं तरी लगेच कोणी बाहेर काढू शकत नाही, लेखी नोटीस लागते, ९० दिवस जातात, मग दावा, पण मुळात आपली बाजू भक्कम असताना तिथपर्यंत जायचंच कशाला. भाडं ऑनलाइन पाठवत जा आणि कोणत्या महिन्याचं ते रिमार्कमध्ये लिहा. रोख देत असाल तर पावती मागा, कलम ३१ प्रमाणे पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, "आपल्यात काय पावती" हे चालत नाही.

कायद्याच्या आधी एक गोष्ट आजच्या आज. पंख्याच्या हुकातून किंवा लाईटच्या पॉइंटमधून पाणी टपकत असेल तर त्या खोलीचा एमसीबी (बोर्डातला त्या लाईनचा स्विच) पाडून ठेवा, वायरमनला दाखवेपर्यंत पंखा लावू नका. जुन्या वायरिंगला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, नसतोच बऱ्याच ठिकाणी, आणि ओल्या भिंतीत करंट उतरला तर तिथे नोटीस काय कामाची. वायरमनकडून साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या की पाण्यामुळे पॉइंट धोकादायक झालाय, खाली तारीख आणि सही. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो कारण मग "थोडी ओल आहे हो" हे बोलणं बंद होतं.

आता पाणी कुठून येतंय ते शोधा. हे काम मालकाचं आहे असं म्हणून सोडू नका, कारण पैसे कोणी द्यायचे हे सगळं त्यावर ठरतं. तुमच्याकडे दोन ठिकाणी ओल आहे, त्या दोन वेगळ्या भानगडी धरा. छत फक्त पावसात गळतं म्हणजे गच्ची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, स्लॅब दिवसभर तापून फुगतो, रात्री आकसतो, असं दोन महिने चाललं की कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराला, केसासारख्या भेगा पडतात, विशेषतः गच्ची आणि कठडा जिथे जुळतात त्या कोपऱ्यात, आणि मग लगेच जूनचा पाऊस. म्हणून वरून ब्रशने केमिकल मारलं की एक पावसाळा निघतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कायमचं काम करायचं तर कोपऱ्याचा सांधा फोडून, गोलाई देऊन, उतार नीट काढून नवीन कोबा, आणि झाल्यावर गच्चीचे पाइप बोळे घालून बंद करायचे आणि पाणी भरून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास बघायचं. ही पाणी भरून बघायची टेस्ट कॉन्ट्रॅक्टर टाळतात, मालकाला सांगा तिच्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका म्हणून, त्यात त्याचाच फायदा.

बाथरूमची भिंत मात्र उन्हाळ्यातही ओली असते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तिचा पावसाशी संबंध नाही. तुमच्यावर फ्लॅट नाही, आहे ती टाकी. नळाला पाणी रोज येत नाही आपल्या गावांत, मग ज्या दिवशी वाघूर धरणाचं पाणी सुटतं त्या दिवशी मोटार चालू करायची आणि टाकी भरून वाहेपर्यंत कोणी बघत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप खाली न उतरवता गच्चीवरच मोकळा सोडलेला असतो. वर जाऊन टाकीच्या बुडाशी बघा. ऐन फेब्रुवारीतही तिथे हिरवं शेवाळ दिसत असेल तर उत्तर मिळालं, आणि तो खर्च काही हजारांचा नाही, एक बॉल व्हॉल्व्ह आणि चार फूट पाइप. तिथे कोरडं असेल तर रात्री झोपताना टाकीकडून तुमच्या घरात येणारा कॉक बंद करा, दोन-तीन रात्री असंच करा, ओल कमी झाली तर पाणी भिंतीतल्या लाईनमधून झिरपतंय. बाथरूमच्या जाळीत घट्ट कालवलेली नीळ ओता, पलीकडच्या बाजूला निळसर डाग उमटला तर जाळीचा सांधा गेलाय. तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक, भिंतीला तिरप्या भेगा असतील आणि दरवर्षी भरूनही उघडत असतील तर काळ्या मातीवरचा पाया हलतोय, ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिथे वॉटरप्रूफिंगवाला नको, इंजिनिअर बोलवा.

हे सगळं तारखेसकट मोबाइलमध्ये घ्या. फोटो काढताना भिंतीचा जवळून एक आणि पूर्ण खोली दिसेल असा लांबून एक, आणि व्हिडिओत तोंडाने तारीख बोला. तारखेवर केस फिरते हे कसं ते सांगतो. धुळ्याला देवपूरच्या बाजूला एका भाडेकरूच्या मालकाने म्हटलं की ओल कूलरमुळे आलीय, तुम्हीच खिडकीला कूलर लावता, पाणी सांडता, डिपॉझिट कापणार. ऐकायला पटण्यासारखं, कारण खान्देशात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही आणि आपल्या बोअरच्या क्षारांच्या पाण्याने भिंतीला पांढरा खार खरंच फुटतो. पण त्या माणसाकडे ऑगस्टचे फोटो होते, त्यात छताला टपोरे थेंब दिसत होते आणि त्याच फोटोत कोपऱ्यात कूलर गोणपाट टाकून, गवताच्या ताट्या काढून ठेवलेला. कूलरचं बोलणं तिथेच संपलं, डिपॉझिट पूर्ण परत आलं. तुमच्याकडे कूलर असेल तर तोही फोटोत येऊ द्या.

आता कायदा. १९९९ च्या कायद्याचं कलम १४ म्हणतं की उलट करार नसेल तर जागा राहण्यालायक दुरुस्त ठेवणं मालकाची जबाबदारी. मालकाला लेखी कळवून किमान १५ दिवस देऊनही तो काही करत नसेल तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, किंवा वसूल करू शकतो. पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं १,०८,०००, म्हणजे २७,००० पर्यंत. बिलं आणि हिशेब नीट ठेवले तर तोच पुरावा मानला जातो, म्हणून मिस्त्रीला रोख देऊन मोकळं होऊ नका, सिमेंटच्या दुकानाचं बिल, मजुरीची सही असलेली पावती, सगळं जपा.

पण हे कलम भाडेकरूसाठी आहे आणि इथेच तुमच्या कागदाचा प्रश्न येतो. हल्ली जवळपास सगळे करार लिव्ह ॲन्ड लायसन्सचे, म्हणजे नुसता राहायचा परवाना देणारे असतात, त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, परवानाधारक असता, आणि मग कलम १४ वर सरळ बोट ठेवता येत नाही. तिथे करारातली दुरुस्तीची अट बघायची. "अंतर्गत किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी" असं बहुतेक छापील असतं, पण नळाचा वॉशर, बल्ब, दाराची कडी हे किरकोळ, छत आणि भिंतीतली लाईन किरकोळ कशी होईल. शिवाय १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात परवाना देणाऱ्यावर बंधन आहे की जागेत धोकादायक दोष असेल आणि तो त्याला माहीत असून घेणाऱ्याला माहीत नसेल तर आधी सांगायचा. आधीचा भाडेकरू गळतीमुळेच गेला होता का, हे शेजारच्या काकूंना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

तुमच्या बाबतीत मात्र एक वेगळी गंमत आहे. लोकांना वाटतं अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायची गरज नाही. महाराष्ट्रात हे चूक. १९९९ च्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार, मग तो भाड्याचा असो की लिव्ह ॲन्ड लायसन्सचा, लेखी आणि नोंदणी केलेला हवाच, कितीही महिन्यांचा असो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणजे नानांचा पाचशेचा नोटरी कागद त्यांनाच जड जाऊ शकतो. याने तुम्ही केस जिंकलीच असं नाही, त्यावर वाद होऊ शकतो, म्हणून पैसे वळते करायच्या आधी त्यांचा व्हॉट्सॲपवर एक "हो" मिळवा हे बरं. पण नाना जेव्हा "पटत नसेल तर खाली करा" म्हणतील तेव्हा हे शांतपणे सांगायला चांगलं शस्त्र आहे, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून.

इंटरनेटवर २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचे मेसेज फिरतात, डिपॉझिट दोनच महिन्यांचं वगैरे. तो केंद्राचा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. नोटिशीत त्याचं कलम टाकू नका, समोरचा वकील हसतो.

नोटीस म्हणजे फार काही नाही. वकिलाकडूनच हवी असंही नाही, तुम्ही स्वतः मराठीत लिहू शकता. अमुक पत्त्यावरची जागा मी अमुक तारखेपासून भाड्याने घेतलीय, भाडं आजपर्यंत पूर्ण दिलंय (हे वाक्य विसरू नका), बेडरूमचं छत अमुक सालापासून दर पावसाळ्यात गळतं, आपल्याला अमुक अमुक तारखांना फोन आणि मेसेजवर कळवलंय, पॉइंटमध्ये पाणी उतरल्यामुळे धोका आहे, फोटो जोडले आहेत, नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती करावी, न केल्यास कायद्याप्रमाणे मी दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करीन. बस. कायदा १५ दिवस म्हणतो तरी मी तीस द्यायला सांगतो, न्यायाधीशाला वाचताना तुम्ही समंजस वाटता. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती घ्या, आणि तेच व्हॉट्सॲपवर टाका. निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट ठेवा पण चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलला तरी जुना जपून ठेवा, कारण २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे असा पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असेल तर ते सोपं जातं.

एका बाबतीत नानांची बाजूही सांगतो. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग बसत नाही, त्यामुळे जुलैत "पाऊस उघडू द्या" हे दरवेळी बहाणाच असतं असं नाही. आता ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक टाकून तात्पुरतं भागवा आणि कायमचं काम दसरा-दिवाळीच्या दरम्यान, असं त्यांच्याकडून तारखेसकट लिहून घ्या. मेमध्ये काम काढू देऊ नका, त्या उन्हात कोब्याला पुरेसं पाणी मारलं जात नाही, आणि मारायला पाणी असतं कुठे. माझ्या बघण्यात अर्ध्या भांडणांत मालक मुद्दाम करत नसतो, त्याच्या डोक्यातून दिवाळीपर्यंत विषय गेलेला असतो. लेखी तारीख असली की ऑक्टोबरात तुम्हाला नुसता तोच कागद फॉरवर्ड करायचा असतो.

दुसरा बहाणा मात्र मानू नका. "गच्ची सगळ्यांची आहे, बाकीचे पैसे देत नाहीत, मी एकटा काय करू भो." हाऊसिंग सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीची छापील नियमावली) गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, आणि ती करून घेणं नानांचं काम कारण सभासद ते आहेत, उपनिबंधकांकडे तक्रार तेच करू शकतात. जळगावात बऱ्याच बिल्डिंगी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट असतात, कमिटी कागदावरच, तिथे फ्लॅटधारकांना एकत्र बसवण्याची कटकट खरी आहे. पण ती त्यांची आपसातली. तुम्ही भाडं नानांना देता, शेजाऱ्यांना नाही. बिल्डिंग नवीन असेल आणि नानांना ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर त्यांना सांगा रेरा कायद्यात (बिल्डरांवरचा केंद्राचा कायदा) अशा बांधकामातल्या दोषाला बिल्डर जबाबदार असतो, कळवल्यावर तीस दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यायची असते. मालकालाच हे माहीत नसतं कित्येकदा, आणि हे कळल्यावर भांडणाचं तोंड बिल्डरकडे वळतं.

तुम्ही नोटीस दिल्यावर कोणी पाणी किंवा लाईट तोडली तर ते वेगळं प्रकरण, १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम २९ खाली भाडेकरू कोर्टात अर्ज करून ते पुन्हा सुरू करायचा हुकूम मागू शकतो. भाडं घ्यायला नकार दिला तर मनीऑर्डर करा, परत आली की ती पावती जपून ठेवा.

जुन्या घरांत राहणाऱ्यांचं गणित मात्र निराळं आहे. अमळनेर, पारोळा, जुनं धुळं, तिथे अजून सागवानी खांबांची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं आहेत, दरवर्षी पांढरी माती चढवली नाही की गळणारच, आणि भाडं महिन्याला दीडशे रुपये. चौथा हिस्सा म्हणजे वर्षाला ४५०, त्यात मातीची एक ट्रॉलीही येत नाही. तिथे स्वतः खर्च करायचा तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्या, कारण परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर तेच ताबा मागायचं कारण होतं, धाबं काढून स्लॅब टाकू नका. कोणी म्हणेल नगरपालिकेत धोकादायक इमारतीची तक्रार करा. विचार करून करा. पालिकेने पाडायचा आदेश दिला तर त्या आधारावर मालकाला ताबा मागता येतो, काही मालक त्याचीच वाट बघत असतात. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूपण आपोआप संपत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय, पण ते मिळवेपर्यंत राहायचं कुठे. घर खरंच पडायला आलं असेल तर अर्थात जीव आधी.

ताई, तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत असं. छोटं काम, म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह आणि भिंतीतली लाईन, नानांचा होकार घेऊन तुम्हीच करून टाका आणि पुढच्या भाड्यातून वळतं करा, त्यावर कोणी भांडत नाही. गच्चीसाठी नोटीस द्या आणि दिवाळीपर्यंत वाट बघा. तेव्हाही हलले नाहीत तर कोर्टापेक्षा दुसरं घर बघणं स्वस्त पडतं, दावा चालेपर्यंत मुलं दहावीला येतील. फक्त घर सोडताना डिपॉझिटची बाजू बांधून घ्या. "शेवटचे तीन महिने भाडं देऊ नका, डिपॉझिटमधून वळतं करा" असं जो तो सांगतो, ते मालकाने लिहून दिलं तरच करा. चावी देताना खोलीखोलीचा व्हिडिओ, लाईट बिल भरल्याचा पुरावा, आणि चावी मिळाल्याची सही. गादी, कपाट, पुस्तकं भिजली असतील तर त्यांचे फोटो आणि बिलं नोटिशीला जोडा, भरपाई मागायला हरकत नाही, पण मालकाला आधी कळवलेलं होतं हे दाखवता आलं तरच ती टिकते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याला समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज मिस्टरांच्या नावाने न करता तुमच्या नावाने करा, आणि त्यासाठी करारावर किंवा भाड्याच्या व्यवहारात तुमचं नाव असलेलं बरं. दावा दाखल न करताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, नानांना बोलावणं जातं आणि कोर्टाचा शिक्का असलेला कागद घरी आला की फोन उचलायला लागतात. जाताना आधार, स्टॅम्पची झेरॉक्स, नोटिशीची प्रत, पोचपावती आणि फोटोंच्या प्रिंट घेऊन जा, नुसता मोबाइल दाखवून तिथे काम होत नाही.